मालदीवचा वाद, १५ मार्चची तारीख आणि आमच्या गावातलं एक घर

पार्श्वभूमी

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातलं आहे. गावाचं, घराचं, कोणाचंच नाव लिहीत नाही, घरच्यांना विचारून लिहितोय आणि त्यांची तेवढीच अट होती. मी गावात सेवा केंद्र चालवतो, म्हणजे सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्टचे फॉर्म, जे येईल ते. या घराचे सगळे कागद माझ्या हातून गेलेले, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये ते लोक माझ्याकडेच आले.

घर कास्तकाराचं. साडेचार एकर कोरडवाहू, कापूस, तूर, थोडं सोयाबीन. थोरला पोरगा आयटीआय करून नागपूरला एका दुकानात एसी बसवायचं अन् दुरुस्तीचं काम करायचा, १३-१४ हजार मिळायचे, त्यात खोलीभाडं आणि मेस निघायची, घरी पाठवायला काही उरायचं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो मालदीवला गेला. एका रिसॉर्टवर एसी टेक्निशियन, दोन वर्षांचा करार, महिन्याला ४५० डॉलर, राहणं-खाणं कंपनीचं, वरून सर्व्हिस चार्जचा, म्हणजे पाहुण्यांच्या बिलावर जो जास्तीचा आकार लागतो त्याचा, वाटा. एजंटने लाखाच्या वर घेतले. काही मायने बचत गटातून काढले, काही मामाने दिले, बाकीचे कापसाचा चुकारा आला तेव्हा भरले.

त्याचं काम मी व्हिडिओ कॉलवर पाहिलंय. एक रिसॉर्ट म्हणजे एक बेट, स्वतःचं डिझेल जनरेटर, समुद्राचं पाणी गोडं करायचा स्वतःचा प्लांट. एसीचं बाहेरचं युनिट खाऱ्या हवेने वर्षभरातच सडतं, कॉइलच्या ज्या पातळ पट्ट्या असतात त्या बोट लावलं की पापडासारख्या मोडतात, म्हणून दर आठवड्याला सगळे युनिट गोड्या पाण्याने धुवायचे. आमच्या गावात उन्हाळ्यात नळ चार-चार दिवसांनी येतो, अन् हा पोट्टा समुद्राच्या मधोमध बसून गोड्या पाण्याने मशीन धुतोय, हे त्याच्या बापाला शेवटपर्यंत पटलं नाही.

आता त्या देशाबद्दल, कारण गावात कोणाला काहीच माहीत नव्हतं आणि सगळी गडबड त्यातूनच झाली. मालदीव म्हणजे १२०० च्या आसपास बेटं, त्यातल्या २०० च्या आतच बेटांवर वस्ती. लोकसंख्या बाहेरचे कामगार धरून पाच लाखांच्या थोडी वर. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २७ लाखांवर होती, म्हणजे अख्खा देश आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढाही नाही. धान्य तिथे पिकत नाही म्हटलं तरी चालेल. तांदूळ, कणीक, साखर, कांदा, अंडी, एवढंच काय बांधकामाची रेती-गिट्टीसुद्धा भारतातून जाते आणि त्यासाठी १९८१ पासून दोन्ही सरकारांमध्ये व्यवस्था ठरलेली आहे, दरवर्षी कोटा जाहीर होतो.

संबंध जुने. १९६५ मध्ये मालदीव ब्रिटिशांपासून मोकळा झाला तेव्हा मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये श्रीलंकेतले भाडोत्री बंदूकवाले घेऊन तिथे बंड झालं, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून विमानाने आपले पॅराट्रूपर उतरले. डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेचा पाणी प्लांट आगीत बंद पडला, लाखावर लोकांना प्यायला पाणी नाही, तर भारताने विमानाने अन् जहाजाने पाणी पाठवलं. जानेवारी २०२१ मध्ये कोविडच्या लशी सर्वात आधी ज्यांना पाठवल्या त्यातही मालदीव होता.

मग बिघडलं कुठे? २०२३ च्या निवडणुकीत मोहम्मद मुइझ्झू जिंकून आले, त्यांच्या बाजूची घोषणाच 'इंडिया आउट' होती. नोव्हेंबरमध्ये शपथ घेतली आणि लगेच भारताला सांगितलं की तुमची लष्करी माणसं परत न्या. ती माणसं म्हणजे ऐंशीच्या आसपास, भारतानेच दिलेली दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवायला ठेवलेली, आणि त्या विमानांचं मोठं काम म्हणजे लांबच्या बेटावरचा पेशंट उचलून मालेच्या दवाखान्यात न्यायचं. आधीचे बरेच राष्ट्राध्यक्ष पहिला दौरा भारताचा करायचे, हे आधी तुर्कस्तानला गेले, मग जानेवारीत चीनला.

अडचण

४ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांनी लक्षद्वीपचे फोटो टाकले. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी सोशल मीडियावर घाणेरडं लिहिलं. ७ जानेवारीला त्या तिघांना निलंबित केलं गेलं, पण तोवर आपल्याकडे बहिष्काराची लाट उठली होती, एका बुकिंग कंपनीने मालदीवची विमान तिकिटं विकणंच बंद केलं.

राग मलाही आला होता. आपण ज्यांना पाणी पाठवलं त्यांच्या मंत्र्याने असं बोलावं हे कोणालाही लागेल, आणि त्या रागात चूक आहे असं मी आजही म्हणत नाही.

पण दोन दिवसांत तो राग आमच्या गावात एका घरावर येऊन बसला. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "आपल्या गावचा एक पोट्टा त्यायचे एसी थंडे करून रायला, त्याले काही लाज हाय का?" खाली अंगठे, हसणारे चेहरे, दोघातिघांनी अजून वाईट लिहिलं. बाप पानठेल्यावर गेला की लोक विषय काढायचे, मग त्याने पानठेल्यावर जाणंच सोडलं. कापूस वेचायला घरचीच माणसं होती आणि त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७०२० रुपये असताना व्यापारी त्याच्या खालीच मागत होते, म्हणजे पोराच्या पैशावर घर चाललंय हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बोलणारेही त्यातलेच.

त्यात पोरीच्या सोयरिकीचं चालू होतं. पाहुणे डिसेंबरमध्ये येऊन गेले, पसंती झाली, बैठक ठरायची होती. त्यांच्याकडून निरोप आला की आधी पोरगा तिकडून केव्हा येतो ते सांगा.

आणि मग आली १५ मार्चची बातमी. जानेवारीच्या मधात मालदीवने भारताला तारीख दिली की १५ मार्चपर्यंत तुमचे सैनिक काढा. आमच्याकडे ती पोचली ती अशी, की भारतीयांनी १५ मार्चच्या आत मालदीव सोडावा. एका युट्यूब चॅनेलच्या फोटोवर लाल अक्षरात तेच लिहिलेलं, खाली विमानात चढणाऱ्या लोकांचं चित्र. ते चित्र बापाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडायच्या आधीच तो बाहेर बाकड्यावर बसलेला, धोतराच्या सोग्यात गुंडाळून बँकेचं पासबुक आणलेलं, म्हणे, "भाऊ, पोराचं तिकीट काढ. किती लागतीन ते सांग, मी तूर इकतो."

समोरचे पर्याय

तिकीट मी त्या दिवशी काढलं नाही. त्याला चहा पाजला आणि पोराला फोन लावला, स्पीकरवर. तिकडे काय चाललंय ते त्याच्याच तोंडून ऐकू म्हटलं. तो म्हणाला इथे कोणी काही बोललं नाही. किचनमध्ये बांगलादेशी, इंजिनिअरिंगला केरळचा मॅनेजर, त्याचा सुपरवायझर मालदीवचा, त्याने उलट स्वतःहून येऊन सांगितलं की आमच्या त्या मंत्र्यांचं बोलणं मला आवडलं नाही. पण भारतातल्या पाहुण्यांची बुकिंग कॅन्सल होत आहेत आणि सर्व्हिस चार्ज कमी येईल असं ऑफिसात बोलतायत. सैनिकांना जायला सांगितलंय, आम्हाला नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. बापाला त्याने हे आठ दिवसांत तीनदा सांगितलंही होतं, पण बापाला वाटलं पोरगा आपल्याला धीर द्यायला खोटं बोलतोय. हा फोन माझ्यासमोर झाला म्हणून विश्वास बसला, घरच्या घरात झाला असता तर बसला नसता.

मग कागद काढला आणि काय काय करता येईल ते लिहिलं.

लगेच परत बोलवायचं, हा पहिला पर्याय. करार मी पुन्हा वाचला. दोन वर्षांच्या आत स्वतः सोडलं तर तिकीट त्याचं, एक महिन्याची नोटीस, नोटीस न देता निघाला तर त्या महिन्याचा पगार गेला. वर्क परमिट कंपनीच्या नावाशी बांधलेलं, म्हणजे तिथल्या तिथे दुसरीकडे उडी मारता येत नाही. बचत गटाचे २८ हजार अजून बाकी. परत येऊन नागपूरला पुन्हा १४ हजारांवरच, आणि तेही फेब्रुवारीत एसीचा सीझन सुरू व्हायच्या आधी.

दुसरा, काही न करता ऑक्टोबरपर्यंत करार पूर्ण करू द्यायचा. पैशाच्या हिशेबाने हेच बरोबर, पण मायची झोप उडालेली होती आणि गावात रोज बोलणं ऐकायचं ते वेगळंच.

तिसरा त्याच्या मामाने काढला, की इथून थेट दुबईला जाऊ दे. म्हणजे पुन्हा एजंट, पुन्हा लाख रुपये. तो तिथेच बाजूला ठेवला.

चौथा मधला. वार्षिक सुट्टी मे महिन्यात घ्यायची, तेव्हा घरी येऊन सगळ्यांनी बसून ठरवायचं, आणि तोपर्यंत आपण काही खुणा ठरवून ठेवायच्या, त्यातली एक जरी दिसली तरी पैशाचा विचार न करता परत.

निर्णय कसा झाला

खरं सांगायचं तर निर्णय कराराच्या कागदाने झाला नाही, तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या माणसाने झाला.

आमच्या गावाला लागून एक तांडा आहे, गट ग्रामपंचायत एकच. पाण्याची टाकी गावात, तांड्याला पाइपलाइन गावातून जाते. पाच-सहा वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता. वॉल्व उघडायला गावातला माणूस तांड्यावर जायचा, चावी त्याच्याजवळ. तांड्याने मागणी केली की हा माणूस आमच्याकडे नको, चावी आमच्या पोराजवळ द्या. गावाला भयंकर राग, पाणी आमचं, मोटार आमची, बिल आम्ही भरतो अन् माणूस नको म्हणता? काही जण तर लाइनच तोडा म्हणत होते. शेवटी त्या वेळच्या सरपंचबाईने चावी तांड्यातल्या पोराला दिली, लाइन तशीच ठेवली, आणि वाद तिथेच मिटला.

त्या शनिवारी पारावर मालदीवचंच चालू होतं आणि तांड्यावरचे ते काका शांतपणे म्हणाले, "त्यायले पाणी नको असं नाई म्हनत ते. चावी मांगून रायले."

मी घरी येऊन परत सगळं वाचलं तेव्हा ते अक्षरशः तसंच होतं. मालदीवने हेलिकॉप्टर परत न्या असा हट्ट धरला नव्हता, वर्दीतली माणसं नकोत म्हटलं होतं. २ फेब्रुवारीला दिल्लीत दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची बैठक झाली आणि तेच ठरलं, सैनिकांच्या जागी भारताचेच पण साधे, बिनवर्दीचे तांत्रिक लोक येणार, पहिली तुकडी १० मार्चपर्यंत बदलणार, सगळं १० मेपर्यंत संपणार. विमानं राहणार, पेशंट नेणं चालू राहणार. ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी मला खात्री झाली की दोन्ही बाजूंना हे तोडायचं नाही. लहानाला आपल्या दारात मोठ्याची वर्दी खुपते, आणि त्याचा अर्थ दरवेळी त्याला मोठ्याशी नातं नको असा होत नाही. आपल्यासारख्या मोठ्या देशात बसून हे समजायला वेळ लागतो. मला तांड्याशेजारी राहूनही लागला.

तर आम्ही चौथा पर्याय घेतला. घरच्यांसोबत बसून तीन खुणा वहीत लिहिल्या. एक, आपल्या सरकारने नागरिकांना परत या म्हणून सूचना काढली तर. दोन, कंपनीने पगार थांबवला किंवा परमिट नवीन करायला टाळाटाळ केली तर. तीन, विमानं बंद व्हायला लागली तर. ग्रुपवर कोण काय म्हणतं ही खूण नाही, हे मायने स्वतः सांगितलं आणि तसंच वहीत लिहायला लावलं.

काय काय केलं

पोराने पासपोर्ट, परमिट आणि कराराचे फोटो मला पाठवले, मालेतल्या आपल्या उच्चायुक्तालयाचा नंबर आम्ही वहीत टिपला आणि त्याच्याही पाकिटात ठेवायला लावला. पगार आला की दोन दिवसांत घरी पाठवायचा, तिकडे साठवायचा नाही असं ठरलं.

गावात बोलायचं काम माझ्याकडे आलं. परराष्ट्र मंत्रालयाच्या निवेदनातलं मराठी करून मी एका पानावर छापलं, सैनिक कोण, किती, कशासाठी, तारीख कोणासाठी, आणि केंद्राच्या भिंतीवर लावलं. ग्रुपवरही टाकलं. हे मी फेब्रुवारीत केलं. जानेवारीत करायला पाहिजे होतं, त्याबद्दल खाली लिहितो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्व्हिस चार्ज खरंच पडला, आधी महिन्याला दीडशे-पावणेदोनशे डॉलर यायचे ते नव्वदवर आले. पगार मात्र वेळेवर. बचत गटाचा हप्ता एकदाच चुकला.

एप्रिलमध्ये अशी एक गोष्ट झाली ज्याने गावात वाद पुन्हा पेटला, आणि या वेळी मुद्दा खरा होता. ५ एप्रिलला भारताने मालदीवचा २०२४-२५ चा कोटा जाहीर केला, १९८१ पासूनचा सर्वात मोठा. तांदूळ १,२४,२१८ टन, कणीक १,०९,१६२ टन, साखर ६४,४९४ टन, अंडी ४२ कोटी ७५ लाख, आणि कांदा ३५,७४९ टन. त्याच वेळी आपल्याकडे ८ डिसेंबरपासून कांद्याच्या निर्यातीला बंदी होती. आमच्या गावात पाच-सहा जणच कांदा लावतात, पण त्यातला एक जण सरळ केंद्रावर येऊन बसला, "आमच्या कांद्याले बंदी, अन् शिव्या देनाऱ्याले कांदा? हे कोनतं परराष्ट्र धोरन हाय, सांग मले."

त्याला मी जे सांगितलं ते आजही बरोबर वाटतं. कास्तकाराच्या कांद्यावरची बंदी ही वेगळी चूक आणि तिच्यासाठी भांडायलाच पाहिजे, बंदीने भाव पाडले ते कास्तकाराच्याच खिशातून गेले. पण तो कांदा मालदीवला गेला म्हणून भाव पडला नाही, उलट गेला तेवढा बाहेर गेला. आणि ज्याचं ताट आपल्या हातात आहे त्याचं ताट रागाच्या भरात ओढलं नाही ही गोष्ट मला मोठेपणाची वाटली. त्याला अर्धंच पटलं. बंदी ४ मेला उठली, तीही किमान दर आणि शुल्क लावून, म्हणजे त्याची तक्रार काही संपली नाही.

पोराने त्या दिवसांत एक फोटो पाठवला होता, रिसॉर्टच्या स्टाफ मेसच्या मागे कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या रचलेल्या आणि एका गोणीच्या लेबलावर मराठीत बाजार समितीचं नाव. खाली त्याने लिहिलं होतं, आज भाजी घरच्यासारखी लागली. तो फोटो मी त्या कांदेवाल्याला दाखवला, तो बराच वेळ पाहत बसला आणि मोबाइल परत देऊन उठून गेला.

परिणाम

पोरगा मे महिन्यात २५ दिवसांच्या सुट्टीवर आला, उन्हाळा असा की पारावरचे चेहरे करपलेले. तो यायच्या आठवड्यातच, १० मेच्या आत, शेवटचे सैनिक मालदीवमधून निघाले आणि बिनवर्दीचे लोक त्यांच्या जागी बसले. त्याच सुमारास मालदीवचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येऊन गेले आणि भारताने त्यांच्या ५ कोटी डॉलरच्या कर्जरोख्याची मुदत वर्षभर वाढवून दिली. पोरगा पारावर गेला, पहिल्या दिवशी लोक थोडे अवघडले, मग त्याने मासे कसे पकडतात, तिथले लोक हिंदी सिनेमे कसे पाहतात हे सांगितलं आणि विषय निवळला. ग्रुपवर ज्याने पहिला मेसेज टाकला होता त्याने याला घरचा एसी दाखवायला बोलावलं. गेला, गॅस भरून दिला, पैसे घेतले नाहीत.

जूनमध्ये मुइझ्झू स्वतः दिल्लीत पंतप्रधानांच्या शपथविधीला आले. ऑगस्टमध्ये आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर मालेत होते, २८ बेटांवरच्या पाणी आणि सांडपाण्याच्या योजना तेव्हा सुपूर्द झाल्या. मालदीवची डॉलरची गंगाजळी त्या काळात आटत आली होती, सप्टेंबरमध्ये भारताने अजून एका ५ कोटींच्या रोख्याला मुदत दिली, आणि ऑक्टोबरमध्ये मुइझ्झूंच्या दौऱ्यात ४० कोटी डॉलर अधिक ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदल ठरली, म्हणजे अडचणीत भारताकडून तेवढं चलन उचलायची सोय. बरोबर त्याच महिन्यात आमच्या पोराचा करार संपला. कंपनीने पगार ५२० डॉलर करून वर्षभर वाढवला, तो राहिला. जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वाढदिवसाला आपले पंतप्रधान प्रमुख पाहुणे होते आणि ४,८५० कोटी रुपयांचं कर्ज जाहीर झालं, त्या दिवशी त्याने मालेच्या रस्त्यावर लावलेल्या दोन्ही झेंड्यांचा व्हिडिओ पाठवला.

बहिष्काराने काय झालं हे लोक मला विचारतात. आकडे असे, २०२३ मध्ये मालदीवला जाणाऱ्यांत भारतीय पहिल्या नंबरवर, दोन लाखांच्या वर. २०२४ मध्ये ते १ लाख ३० हजारांच्या आसपास आले. पण त्यांचे एकूण पर्यटक वाढून २० लाखांच्या पार गेले. म्हणजे बहिष्काराने ते बुडाले नाहीत. माझ्या मते त्यांना भारताकडे वळवलं ते कर्जाने आणि डॉलरच्या टंचाईने, आणि ऐन अडचणीत भारताने हात आखडता घेतला नाही याने. बहिष्काराचा फटका मात्र तिथे काम करणाऱ्या आपल्याच लोकांच्या सर्व्हिस चार्जला बसला, त्यातला एक आमचा.

आणि दोन गोष्टी भरून निघाल्या नाहीत.

पोरीची सोयरीक फेब्रुवारीत मोडली. पाहुण्यांनी मालदीवचं नाव काढलं नाही, पत्रिकेचं कारण दिलं, पण त्यांच्याच गावातून खरं काय ते कळलं. तिचं लग्न पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं, चांगलं झालं, तरी मधलं एक वर्ष ती पोरगी घराबाहेर फारशी निघाली नाही.

दुसरी गोष्ट चुलतभावाची, आणि ती माझ्यावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये पोराने त्याच्याच रिसॉर्टवर शब्द टाकून चुलतभावाला वायरमनची ऑफर मिळवून दिली होती, एजंट नाही, एक रुपया नाही, तिकीटही कंपनीचं. १८ जानेवारीपर्यंत होकार कळवायचा होता. तो माझ्याकडे आला तेव्हा बापाचं तिकिटाचं प्रकरण नुकतंच झालेलं, मीही हललेलो होतो, मी त्याला म्हटलं मार्चपर्यंत थांब, वातावरण पाहू. कंपनी कशाला थांबेल, त्यांनी दुसरा घेतला. तो आता बुटीबोरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे, बारा तासांची शिफ्ट.

आज असतं तर काय वेगळं

चुलतभावाला मी जो सल्ला दिला तो सावधपणाचा वाटत होता, पण त्यामागे एकही माहिती नव्हती. थोरल्यासाठी आम्ही करार वाचला, फोन केला, खुणा लिहिल्या. याच्यासाठी काहीच केलं नाही, नुसतं थांब म्हटलं. त्याच्याकडे तर गमवायलाही काही नव्हतं, कर्ज नव्हतं, वाईट झालं असतं तर महिन्याभरात परत आला असता. ज्याचं आधीच तिथे सगळं अडकलंय आणि ज्याला अजून जायचंय, या दोघांचा हिशेब वेगळा करायला पाहिजे होता. त्याला होकार कळवून निघायची तारीख पुढची मागून घे असं म्हणता आलं असतं, ते मला सुचलंच नाही.

ग्रुपवर पहिला मेसेज पडला तेव्हा मी गप्प बसलो. जवळपास तीन आठवडे. वाटलं आपण बोललो तर आपल्यालाही त्यात ओढतील, केंद्रावर गिऱ्हाइकी चालते माझी. त्या तीन आठवड्यांतच पाहुण्यांच्या गावापर्यंत गोष्ट गेली. पहिल्याच दिवशी दोन ओळी लिहिल्या असत्या, की हा पोरगा आपला आहे, घामाचं कमावतोय, तर चारजण तरी मागे उभे राहिले असते, नंतर विचारलं तेव्हा चार-पाच जणांनी हेच सांगितलं की आम्ही कोणीतरी बोलायची वाट पाहत होतो.

आणि पाहुण्यांकडे बापाला एकट्याने पाठवायला नको होतं. तो तिथे जाऊन मान खाली घालून बसला, आपल्या पोराने काही गुन्हा केल्यासारखा. सोबत सरपंच किंवा शाळेचे सर असते तर निकाल बदलला असता का, सांगता येत नाही, पण बापाला एकट्याला ते ऐकावं लागलं नसतं.

खुणा लिहून ठेवल्या ते मात्र पुन्हाही तसंच करीन. त्या वहीमुळे माय रात्री उठून बातम्या लावायची थांबली. कोणी काही सांगितलं की ती विचारायची, "तीनातलं हाय का?" नाही म्हटलं की भाकरी थापायला बसायची.

मागच्या महिन्यात चुलतभाऊ परत केंद्रावर आला. त्याच रिसॉर्टवर वायरमनची जागा निघाली होती, थोरल्यानेच पुन्हा कळवलेलं. या वेळी मी त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं, ऑफर लेटर सुरुवातीपासून मोठ्याने वाचलं, नोटीस किती, तिकीट कोणाचं, परमिट कोण काढणार, पगार डॉलरमध्ये की त्यांच्या रुफियामध्ये. शेवटच्या ओळीवर तो म्हणाला, "डॉलरमध्ये लिहून मांगू का?" माग म्हटलं. त्याने माझ्यासमोरच मेल टाकला. तीन दिवसांनी उत्तर आलं, डॉलरमध्ये. पासपोर्टची मुदत थोडीच उरली होती, तो नवीन करायला टाकलाय.